कोल्हापुरी चपलांच्या रील्सना दाद मिळते, ऑर्डर मिळत नाही: काय करावे?

वेणीकाम (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात कोल्हापुरी चपला बनवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सासरे आणि चुलत सासरे तळ कापतात, कुटतात आणि चामड्याच्या वादीने शिवतात. पट्ट्यांवरची वेणी, गोंडे आणि नक्षी हे काम सासूबाई आणि मी करतो. आजपर्यंत आमचा जवळजवळ सगळा माल चप्पल लाईनीतल्या (कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातल्या) दुकानांना घाऊक भावाने जात आला. दुकानदारांशी आमचे भांडण नाही, पण माल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंत एक सण उलटून दुसरा येतो, आणि एका जोडामागे आम्हाला मिळणारी रक्कम व दुकानातली किंमत यांतले अंतर वाढतच चालले आहे. म्हणून थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावे या विचाराने मी इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर आमच्या कामाचे पान सुरू केले.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या आणि त्यावरून गदारोळ उठला, हे सर्वांना आठवत असेलच. त्यानंतर आमच्या पानाकडेही लोकांचे लक्ष गेले. सासूबाई वेणी घालत असतानाची एक रील तर लाखाच्या वर लोकांनी पाहिली. ‘अभिमान वाटतो’, ‘आपली संस्कृती जपा’ अशा प्रतिक्रिया आल्या, अनेकांनी नुसते ‘किंमत?’ असे विचारले, मी प्रत्येकाला खासगी संदेशातून उत्तर दिले, आणि त्यातून प्रत्यक्ष गेलेले जोड मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. त्यातलेही काही माप बसले नाही म्हणून परत आले आणि दोन्ही वेळचे कुरिअरचे पैसे आम्हालाच पडले.

माझे प्रश्न असे आहेत. पाहणारे इतके असताना घेणारे इतके कमी का? किंमत उघडपणे लिहावी की खासगीत सांगावी? पैसे भरून जाहिरात करण्यात अर्थ आहे का? आणि मापाचा हा घोळ दुरून कसा सोडवायचा? आमच्या चपला १,२०० ते २,४०० रुपयांच्या दरम्यान आहेत. दिवसभर हात कामात असल्यामुळे फोनसाठी संध्याकाळचा तासभरच मिळतो, हे लक्षात घेऊन सांगावे ही विनंती.

येवल्याचा माग

ताई, नमस्कार. आमच्या घरी पैठणीचे माग आहेत आणि आमची निम्म्याहून अधिक विक्री आता फोनवरून होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाखभर लोकांनी पाहिलेली रील ही विक्रीच्या दृष्टीने फारशी उपयोगाची नसते, हे आधी मनाशी पक्के करावे. ती पाहणाऱ्यांत कोल्हापुरी कधीच न घालणारे, दुसऱ्या देशांतले, नुसते हातांची हालचाल बघायला आवडणारे असे सगळे असतात, आणि इन्स्टाग्राम त्या रीलला पुढे ढकलतो तो लोक ती शेवटपर्यंत पाहतात म्हणून. त्यांना चपला हव्यात की नाहीत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. खरे गिऱ्हाईक रील पाहून तुमच्या पानावर येते, वरच्या आठ-दहा पोस्टी चाळते आणि अर्ध्या मिनिटात ठरवते की ही माणसे खरी आहेत का, आपल्या पायाचे यांच्याकडे काही आहे का आणि ते आपल्या खिशाला परवडेल का. या तिन्हींचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले नाही तर ते ‘छान’ लिहून निघून जाते. म्हणून नव्या रीलच्या मागे धावण्याआधी पान नीट लावून घ्यावे. इन्स्टाग्रामवर तीन पोस्टी सर्वांत वर टाचून ठेवता येतात. एकीत माप कसे घ्यायचे ते, दुसरीत किमतींसह सगळे प्रकार, आणि तिसरीत काम करणारी तुमच्या घरची माणसे व कामाची जागा, एवढे ठेवले तरी निम्मे प्रश्न विचारले जाणार नाहीत.

किमतीबद्दल माझे मत ठाम आहे: ती लिहावीच. ‘किंमत खासगीत’ असे लिहिले की गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका येते ती माणूस बघून भाव सांगतात की काय ही. आमच्याकडे पैठणीचा आकडा मोठा असतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा विरोध होता की आकडा पाहूनच लोक पळतील. पळणारे पळाले, हे खरे आहे. पण ते नाहीतरी घेणार नव्हते, आणि त्यांना उत्तरे देण्यात जाणारा वेळ वाचला. जे राहिले ते रंग, काठ आणि पदर यांबद्दल विचारतात.

आता काय दाखवावे याविषयी. येवल्यात आम्हाला सर्वांत जास्त त्रास यंत्रमागावरच्या नकलेचा होतो. फोटोत दोन्ही साड्या सारख्याच दिसतात. म्हणून आम्ही प्रत्येक साडीचा पदर उलटून मागची बाजू दाखवतो. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ही काही सेकंदांची चित्रफीत फार लोक पाहत नाहीत, पण जे पाहतात त्यांतले पुष्कळ जण फोन करतात. तुमच्या चपलेचीही अशी उलटी बाजू असणार. तळ पालथा करून वादीची शिवण जवळून दाखवा. चामड्याच्या कडेला थर किती आहेत ते दाखवा. तळ वाकवून पुन्हा सरळ होतो ते दाखवा. रेक्झिनच्या आणि चिकटवलेल्या चपला विकणाऱ्याला हे दाखवता येत नाही.

आणि गाणी लावू नका. व्यावसायिक खात्याला लोकप्रिय गाण्यांपैकी बरीचशी मिळत नाहीत, आणि मिळाली तरी तुमच्याकडे त्याहून चांगला आवाज आहे: तळ कुटण्याचा, आणि नव्या कोल्हापुरीच्या चालण्याचा. ती करकर ऐकण्यासाठी एके काळी लोक मुद्दाम चपला करवून घेत. सकाळच्या उजेडात, दारापाशी बसून, फोन एका डब्याला टेकवून ठेवावा आणि फक्त हात व चप्पल एवढेच चौकटीत घ्यावे. याहून अधिक सामग्री लागत नाही.

मुठाकाठ (पुणे)

मी विक्रेता नाही, गिऱ्हाईक आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

कोल्हापुरी मला आवडतात आणि दर एक-दोन वर्षांनी मी घेतोच. तरीही इन्स्टाग्रामवर पाहिलेल्या दहा पानांपैकी नऊंवरून मी काही मागवले नाही. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच होते. पानावर ‘६ ते ११ नंबर उपलब्ध’ असे लिहिलेले असते. माझा बुटाचा नंबर ९ आहे, पण पाऊल रुंद आहे आणि अंगठ्याजवळचे हाड पुढे आलेले आहे. दुकानात मी पाच जोड घालून बघतो आणि त्यांतला एक बसतो. मग पेटीतून आलेला पहिलाच जोड बसेल यावर मी पैसे का लावावेत? एका पानावरून मागवलेला जोड फोटोतल्याहून वेगळ्या रंगाचा आला आणि चपलेच्या अंगठ्याच्या कडीत बोटच शिरेना. विक्रेत्याने ‘वापरून सैल होईल’ एवढे एकच उत्तर दिले. ते पान कोणते ते इथे लिहिण्याचे कारण नाही, पण तेव्हापासून मी आधी परताव्याचा नियम वाचतो आणि तो लिहिलेला नसेल तर पुढे जातच नाही.

तुम्ही स्वतः बनवता, ही तुमची खरी ताकद आहे, आणि तुमच्या पानावर नेमके हेच कुठे वापरलेले नसावे असा माझा अंदाज आहे. दुकानदाराला फळीवर असलेला जोडच द्यावा लागतो, तुम्ही माझ्या पायाचा जोड करू शकता. ‘पायाचा आकार कागदावर काढून पाठवा, त्या मापाने बनवून देतो, आठवडाभर लागेल’ असे लिहिलेले एक जरी पान मला दिसले असते तर मी दोनशे रुपये जास्त देऊन तिथूनच घेतले असते आणि वाटही पाहिली असती.

आणखी एक. नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, हे आम्हा जुन्या लोकांना माहीत आहे; नव्या मुलांना नाही. त्यांना तो दोष वाटतो आणि ती जोड परत पाठवतात. पहिल्या आठवड्यात किती वेळ घालावी, तेल कुठे आणि किती लावावे, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत कशी वाळवावी, हे पेटीत एका चिठ्ठीवर लिहून पाठवा आणि त्याचीच एक चित्रफीतही करा. विकून झाल्यावर काय करायचे ते सांगणारा माणूस फसवत नसतो, अशी आम्हा गिऱ्हाइकांची साधी समजूत असते.

जाहिरातीचा धंदा

पैसे भरून जाहिरात करण्याच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तेच माझे काम आहे.

गाजलेल्या रीलखाली दिसणारे ‘बूस्ट’चे बटण दाबू नये. त्यातून बहुधा आणखी पाहणारे मिळतात, आणि ते तुमच्याकडे आधीच आहेत. जाहिरात करायचीच असेल तर तिचे उद्दिष्ट ‘संदेश’ असे निवडावे, म्हणजे जाहिरातीवरून माणूस थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर येतो. आणि ती सगळ्या भारतभर न पसरवता पुणे, मुंबई, ठाणे अशा जिथे कोल्हापुरी माहीत आहे आणि विकत घेण्याची ऐपतही आहे अशा दोन-तीन शहरांपुरती ठेवावी. चित्रफीत मात्र सासूबाईंच्या वेणीची नको. किंमत, माप घेण्याची पद्धत आणि किती दिवसांत जोड मिळेल हे तिन्ही स्पष्ट सांगणारी हवी. ती कमी लोक पाहतील, आणि तसेच व्हायला हवे, कारण ज्याला घ्यायचे नाही त्याने पाहिल्याचेही पैसे तुम्हीच भरत असता.

हिशेब एकाच गोष्टीचा ठेवावा: एका विकल्या गेलेल्या जोडामागे जाहिरातीला किती गेले. समजा ३,००० रुपये घातले आणि सहा जोड गेले, तर जोडामागे ५०० रुपये पडले, वर जाहिरातीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे एकूण ५९०. दुकानदाराला दिल्यापेक्षा थेट विकून तुम्हाला जोडामागे किती जास्त सुटतात, तो आकडा याच्या शेजारी मांडावा. ५९० रुपयांहून कमी सुटत असतील तर ती जाहिरात बंद करावी, मग तिच्यावर कितीही बदाम पडत असोत. उलट, एकदा घेतलेले गिऱ्हाईक दोन वर्षांनी पुन्हा येणार असेल किंवा घरातल्यांसाठी मागवणार असेल, तर पहिल्या जोडावर थोडे कमी सुटले तरी चालते. हा निर्णय हिशेबाचा आहे, हौसेचा नाही.

‘फुकट जोड द्या, आम्ही प्रसिद्धी करतो’ असे म्हणणारे लोकही तुमच्याकडे येऊ लागले असतील. सगळे वाईट नसतात, पण त्यांच्या पाहणाऱ्यांत चपला घेणारे कोण आहेत ते विचारावे. फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे आणि तसे स्पष्ट लिहावे लागते, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. हे लिहायला नकार देणाऱ्याला जोड देऊ नये.

घरपोच रोख (जोड हातात आल्यावर पैसे) ही सोय मापाने बनवलेल्या जोडाला मुळीच ठेवू नये. निम्मी रक्कम आधी, निम्मी जोड निघण्यापूर्वी फोटो पाहून. तयार मालाला ठेवायची असेल तर निदान दोन्ही वेळच्या कुरिअरइतकी रक्कम आधी घ्यावी.

वेणीकाम (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. मुठाकाठ, तुमचे म्हणणे मी सासऱ्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, पूर्वी पंचक्रोशीतली माणसे स्वतः येऊन पाय मोजून जात, त्यात नवीन ते काय! आम्ही कोल्हापुरी कलबुतावर (पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर) ओढून घेत नाही, हाताने आणि नजरेने बसवतो, त्यामुळे एकाच नंबरच्या दोन जोडांतही किंचित फरक राहतो. म्हणूनच बुटाच्या नंबरावरून माल पाठवला की गडबड होते, हे आम्हाला कळत होते, पण त्यातूनच मापाने बनवण्याची सोय पुढे करता येईल हे सुचले नव्हते.

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी: कागद फरशीवर ठेवून त्यावर दोन्ही पाय ठेवून उभे राहावे, कारण बसून घेतलेल्या मापात पाऊल पसरत नाही. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कोणीतरी कडेने फिरवावी. मग शिंप्याच्या टेपने पावलाच्या सर्वांत रुंद भागाचा घेर आणि पट्टा येतो तिथला घेर, असे दोन आकडे त्याच कागदावर लिहावेत, आणि कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढावा. माप संध्याकाळी घ्यावे, सकाळपेक्षा तेव्हा पाय थोडा भरलेला असतो. याचीच चित्रफीत येत्या रविवारी करणार आहोत.

मात्र घरात एक मतभेद आहे. चुलत सासऱ्यांना काम उघड दाखवणे मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की आपण वेणीची गाठ जवळून दाखवली की उद्या आग्र्याचे किंवा आणखी कुठले कारखानदार तीच यंत्रावर काढतील आणि निम्म्या किमतीत ‘कोल्हापुरी’ म्हणून विकतील. त्यांना काय सांगावे, हे मला कळत नाही.

निपाणीकर

वहिनी, आम्ही सीमेच्या पलीकडचे, पण धंदा तोच. तुमच्या चुलत सासऱ्यांची भीती खोटी नाही, फक्त तिचा रोख चुकीच्या जागी आहे. नक्कल करणाऱ्याला तुमच्या रीलची गरज पडत नाही. तो बाजारातून एक जोड घेतो आणि उसवून बघतो. नक्कल कित्येक वर्षांपासून चालू आहे आणि तेव्हा कोणाच्या घरी रील नव्हत्या. उलट रील नसल्यामुळे गिऱ्हाइकाला अस्सल आणि नकली यांतला फरक कळायला मार्गच नाही. तरीही त्यांच्या मनाविरुद्ध काही दाखवू नये. वेणीची पहिली गाठ आणि कापण्याचे फर्मे (साचे) वगळून बाकी सगळे दाखवता येते.

खरे संरक्षण आहे ते नावाचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले, म्हणजे ठराविक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येते. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांचे मिळून आहे, आणि महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर ही दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्याची नोंदणीकृत धारक आहेत. प्राडाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागण्याचा हक्क मानांकनाच्या धारकांचा आहे, बाहेरच्या कोणाचा नाही. पण मानांकन मिळाले म्हणजे जिल्ह्यातला प्रत्येक कारागीर आपोआप त्याचा अधिकृत वापरकर्ता होत नाही. त्यासाठी स्वतंत्र नोंद करावी लागते आणि ती आपल्यातल्या फार थोड्यांनी केली आहे. तुम्ही ती करून घ्या. लिडकॉमने चपलांसाठी क्यूआर कोडची सोयही काढली आहे. गिऱ्हाइकाने तो फोनवर उघडला की जोड कोणी, कुठे आणि कशाचा बनवला ते दिसते. तो कोड दाखवणारी दहा सेकंदांची चित्रफीत तुमच्या पानावर असली की ‘हे खरे कोल्हापुरीच कशावरून?’ या प्रश्नाला वेगळे उत्तर लागत नाही.

सरकारी योजनांचा कंटाळा असतो, मलाही आहे, पण पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणे बनवणारे कारागीर येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि कमी व्याजाचे कर्ज तर आहेच, शिवाय डिजिटल व्यवहारामागे एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत, अशी सवलतही आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरून पैसे घेण्याची सवय लावायला ती पुरते.

विक्रीकराचेही एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीला २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही नोंदणी केलेली असो वा नसो, पुढे-मागे किंमत वाढवताना ही रेघ लक्षात ठेवावी. राज्याबाहेर माल पाठवू लागलात की नोंदणीचे नियम वेगळे लागतात आणि हस्तकलेच्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे. तुमच्या मालाला ती लागू होते का, हे कर सल्लागाराला एकदा विचारून घेतलेले बरे.

शेवटी, फॉलोअर हे तुमचे नसतात, ॲपचे असतात. जून २०२०च्या अखेरीस सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा त्यावर नाव कमावलेल्या अनेकांची सगळी मंडळी एका रात्रीत दिसेनाशी झाली. ज्याने जोड घेतला त्याचे नाव, फोन आणि पायाचे माप एका साध्या वहीत लिहून ठेवा. त्याचा कागद जपला तर दुसऱ्या वेळी त्याला मापही पाठवावे लागत नाही, ‘तसाच आणखी एक’ एवढा निरोप पुरतो.

न्यू जर्सीकर

दूरदेशातून मागवणाऱ्यांच्या वतीने दोन ओळी. आम्ही आनंदाने मागवू, पण ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची शुल्कमाफी काढून घेतली आहे, त्यामुळे इथे पोहोचेपर्यंत जोड किती महाग पडेल याचा अंदाज घेऊनच परदेशी ऑर्डर स्वीकाराव्यात. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की आम्ही मापाचा कागद पाठवू, पैसे भरू आणि जोड पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडे पोहोचवा, येणारे-जाणारे असतातच. ‘परदेशातल्या आप्तांसाठी भारतातल्या पत्त्यावर’ असे एक वाक्य पानावर लिहून ठेवले तर आमच्यासारख्यांना विचारायला संकोच वाटणार नाही.

वेणीकाम (कोल्हापूर)

हे लगेच लिहिते. निपाणीकर भाऊ, गाठ आणि फर्मे वगळायचे म्हटल्यावर चुलत सासरे तयार झाले आहेत.

आता एकच शंका उरली आहे. संदेश रात्री अकरालाही येतात, उत्तर द्यायला उशीर झाला की ‘तुम्हाला विकायचेच नाही का?’ असे लोक लिहितात, आणि घासाघीस तर प्रत्येक जण करतो. शिवाय पावसाळ्याचे चार महिने कोल्हापुरीला गिऱ्हाईक नसते. तेव्हा पानावर काय ठेवायचे?

येवल्याचा माग

ताई, व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे ॲप घ्या, ते मोफत आहे. कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप त्यात लिहून ठेवता येतो: ‘आम्ही दिवसभर चपला बनवतो आणि संध्याकाळी ७ ते ८ उत्तरे देतो.’ हे वाचून रागावणारा मी अजून पाहिलेला नाही; बनवणाराच उत्तर देतो आहे हे कळल्यावर लोक उलट थांबतात. किमती, मापाची पद्धत, परताव्याचा नियम अशी नेहमीची उत्तरे त्यात साठवून ठेवावीत, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. सगळे प्रकार त्यातल्याच कॅटलॉगमध्ये किमतीसह लावावेत. घासाघिशीला आम्ही एकच उत्तर देतो: एका नगाला कमी होणार नाही, दोन घेतल्यास पोहोचवण्याचा खर्च आमचा. त्यावर जो थांबतो त्याच्याशी पुढे बोलावे, बाकीच्यांना नमस्कार करावा.

मजकूर लिहिताना मात्र थोडी मेहनत घ्या. जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्टी गुगलच्या शोधातही दिसू शकतात. त्यामुळे ‘परंपरेचा साज’ असले काही लिहिण्यापेक्षा ‘रुंद पावलासाठी मापाने बनवलेली पुरुषांची कापशी चप्पल, पूर्ण चामडे, हातशिलाई’ असे लिहावे. शोधणारा माणूस नेमके हेच शब्द टाकतो.

पावसाळ्यासाठी चित्रण उन्हाळ्यातच करून ठेवावे, कारण आभाळ भरून आले की ना उजेड मिळत, ना वाळत घातलेले चामडे दाखवता येत. जून-जुलैत जुने जोड कसे जपावे, बुरशी आली तर कशी पुसावी, पट्टा तुटला तर दुरुस्त होतो का, हे दाखवावे. त्या दिवसांत लोकांना तेवढेच हवे असते. तुटलेला जोड दुरुस्तीला पाठवा म्हटले की जुने गिऱ्हाईक पुन्हा बोलू लागते. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवाळीच्या जोडांची नोंद निम्मी रक्कम घेऊन सुरू करावी, आणि महिन्याला किती जोड होतात ते सासऱ्यांना विचारून नोंद तेवढ्यावरच थांबवावी. संख्या संपली की पानावर तसे उघड लिहावे, आणि नंतर आलेल्यांना लग्नसराईची तारीख द्यावी. दुकानदारांचा माल मात्र निदान पहिले वर्षभर बंद करू नये, उशिरा का होईना, तो पैसा येतो.